खाली ठेवा, मग उचलतो

"इनोसीला काही द्यायचं झालं तर हातात देऊ नका, खाली ठेवा," असं वातुलेका या खाणीच्या गावातले शेजारी तिथे नव्याने आलेल्या माणसाला बजावीत. बजावताना कुणी हसे, कुणी नजर चुकवी. पण बजावीत सगळेच. दुकानदार बिसेसर मिठाची पुडी फळीवर ठेवून दोन पावलं मागे सरके. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर वाटताना पाद्री इनोसीपाशी आले की वाकून तुकडा बाकावर ठेवीत आणि पुढे जात. म्हाताऱ्या बायका म्हणत, "त्याचा हात कुणीतरी मंत्राने बांधलाय." खाणीत जाणारी तरुण मंडळी म्हणत, "हात कसला, सापळा आहे तो. एकदाच मिटला आणि सगळा संप गिळून बसला." त्याची मुलगी सेरुवाया पहिलं बाळंतपण उरकून माहेरी आली तेव्हा तर अख्ख्या आळीने पाहिलं. इनोसी चटईच्या कडेला मांडी घालून बसला होता. त्याची बायको वासिती हिने नात दुपट्यासकट त्याच्यापुढे चटईवर ठेवली, आणि मग त्याने तिला उचललं. उचलल्यावर मात्र संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

खाणीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची एक शेड आहे. एके काळी तिथे चारशे माणसं धरणं धरून बसत. पुढे तिथे इनोसी बसे. सकाळी भोंगा झाला की येई, दुपारचा भोंगा झाला की वासितीने आणलेला कसावा खाई, आणि संध्याकाळच्या भोंग्याला उठून घरी जाई. भोंगा त्याच्यासाठी वाजत नव्हता, पण चुकवला त्याने एकदाही नाही.

त्याचा जन्म खाणीवरचा नव्हे. डोंगरात, दीड दिवसाच्या वाटेवर, त्याचं गाव. घराणं रातूंच्या, म्हणजे प्रांताच्या प्रमुखांच्या, वतीने बोलण्याचा मान असलेलं. रातू चार लोकांत स्वतःच्या तोंडाने मागत नाहीत आणि स्वतःच्या हाताने घेतही नाहीत. ते त्यांचा मानकरी करतो. मुलीला मागणी घालायची असो, खुनाची क्षमा मागायची असो की मेलेल्याचा शोक करायचा असो, मानकरी देवमाशाचा दात पुढे करतो, समोरचा मानकरी तो घेतो, दोन्ही बाजूंनी तळवे वाकवून वाजवलेल्या पोकळ टाळ्या पडतात. दात हातात घेतला म्हणजे मागणं मान्य झालं. त्यानंतर 'पण' नाही आणि 'परंतु' नाही.

सातव्या वर्षापासून बापाने इनोसीला दाताऐवजी केळ्यावर धडे दिले. चटईवर गुडघ्यांनी पुढे कसं सरकायचं, नजर कुठे ठेवायची, दात नाकाशी नेऊन हुंगायचा तो कितीदा, कोणत्या प्रसंगाला कोणते शब्द. पण सगळ्यांच्या आधी शिकवलं ते हे की समोरच्याच्या हातून निसटलेला दात चटईला लागता कामा नये. "देणाऱ्याची अब्रू जाते आणि घेणाऱ्याचं घराणं बुडतं," बाप म्हणे. तो केळं पुढे करी, शब्द सुरू करी, आणि मध्येच, एखाद्या भलत्याच शब्दावर, केळं सोडून देई. खाली पडलं की वेताची छडी. वर्षभरात पोराचा हात असा तयार झाला की डोळ्यांना कळायच्या आत बोटं खाली जाऊन थांबलेली असत. बाप त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "आता तुला शिकवायचं काही उरलं नाही," म्हणाला.

एवढी विद्या घेऊन इनोसी एकोणिसाव्या वर्षी खाणीत ड्रिल धरायला आला.

खाणीत तेव्हा त्याच्या प्रांताची तीनशे माणसं होती. डोंगरात पैसा नव्हता आणि खाणीत सोनं होतं, एवढं साधं गणित. बाकीचे बेटांवरचे होते, आणि काही उसाच्या मळ्यांकडून आलेले हिंदी लोक, करारावर इथे आणलेल्या मजुरांची नातवंडं. बिसेसर त्यांपैकी एक. तो पिंजरा खालीवर करणाऱ्या यंत्रावर होता, म्हणजे रोज शंभर माणसांचा जीव त्याच्या एका दांड्यावर. "मी शिंकलो तर तुम्ही सगळे स्वर्गात," असं तो पिंजऱ्यात चढणाऱ्यांना रोज ऐकवी.

आणि अमिनियासी. तो पूर्वेकडच्या बेटावरचा. त्याच्या आणि इनोसीच्या प्रांतांचे मूळ देव भाऊभाऊ, म्हणून त्या दोन प्रांतांच्या माणसांना एकमेकांना काहीही बोलायची मुभा. मुभा कसली, कर्तव्यच ते. पहिल्या दिवशी, बाराव्या पातळीवर, दिव्याच्या उजेडात अमिनियासीने इनोसीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "डोंगऱ्या, चपला पहिल्यांदाच घातल्यास काय रे?"

"आणि तू आडवा का चालतोस? खेकड्याच्या पोटी जन्मलास म्हणून?"

त्यानंतर अकरा वर्षं ते एकमेकांशी एक वाक्य धड बोलले नाहीत. एकमेकांचे डबे पळवत, एकमेकांच्या बायकांपाशी एकमेकांच्या चहाड्या करत. एकदा छत खचलं तेव्हा अमिनियासीने इनोसीला पायाला धरून बाहेर ओढलं, तेही "एवढा जड! खातोस काय, डोंगर?" म्हणतच. अशी शिवीगाळ असली की माणसाला दुसऱ्या प्रेमाची फारशी गरज राहत नाही.

बाराव्या पातळीवरचा हवेचा पंखा बंद पडला तिथून पुढचं सगळं घडलं. पंखा तीन आठवडे बंद होता. खाली इतकं गदमदे की माणसं लंगोटीवर काम करीत आणि पाळी संपेपर्यंत बूट घामाने भरत. दोन जण बेशुद्ध पडले, त्यांतला एक पुन्हा पूर्वीसारखा बोलू शकला नाही. सतरा जणांनी वर जाऊन साहेबाला सांगितलं की पंखा चालू झाल्याशिवाय खाली उतरणार नाही. सतराही जणांना दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतलं नाही. त्या आठवड्यात युनियन झाली. अध्यक्ष अमिनियासी, आणि चिटणीस इनोसी, कारण शब्द त्याला येत. मागण्या तीन: युनियनला मान्यता, खाली हवा, आणि चाळींत पाण्याचे नळ. कंपनीने उत्तर दिलं की युनियन नावाची कोणतीही वस्तू तिला माहीत नाही. मग चारशे माणसं फाटकाबाहेर येऊन बसली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. पहिले पाच महिने शेडमध्ये सणासारखे गेले. जमिनीच्या मालकांनी कसाव्याला रान दिलं. बायकांनी नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवून मोठाली पातेली रस्त्यावर आणून ठेवली. ऑस्ट्रेलियातल्या गोदी कामगारांनी तांदूळ आणि घोंगड्या पाठवल्या, घोंगड्या पाहून बिसेसर म्हणाला, "यांना वाटतं आपण बर्फात बसलोय." संध्याकाळी यांगोनाचं, मुळं कुटून केलेल्या पेयाचं, मोठं लाकडी भांडं मध्ये ठेवून नारळाची वाटी फिरे. हिंदी, बेटांवरचे, डोंगरातले, सगळे एका वाटीला तोंड लावत. खाणीत उत्पादन निम्म्यावर आलं होतं. साहेबाची गाडी आता फाटकातून बाहेर पडताना वेग कमी करी. तो जिंकण्याचा वास होता, आणि तो सगळ्यांना येत होता.

मग निरोप आला की इनोसीच्या प्रांताचे रातू संपकऱ्यांना भेटायला येत आहेत.

रविवारी चर्च सुटल्यावर आंब्याखाली सभा झाली. अमिनियासी उभा राहिला. "रातू रिकाम्या हाताने येणार नाहीत. कंपनीच्या बंगल्यावर दोन दिवस उतरलेत. दात आणणार आणि परत कामावर जा म्हणणार."

"येऊच नका म्हणून सांगू," मागून कुणीतरी बोललं.

"रातूंना? तू सांगशील? ये, पुढे ये, तोंड तरी बघू तुझं."

हशा पिकला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. रातूंनी पुढे केलेला दात डोंगरातल्या एकाने घेतला तरी तीनशे माणसं बांधली जाणार. तीनशे उठली तर मागे शंभर राहणार. आणि शंभरांच्या संपाला कंपनी भीक घालणार नव्हती.

दोन तास बोलणं चाललं. शेवटी ठराव झाला. रातूंचा मान राखायचा, चटई अंथरायची, ऐकून घ्यायचं. पण दात घ्यायचा नाही. देणाऱ्याच्या हातात तो असतानाच नकाराचे शब्द बोलायचे आणि क्षमा मागण्यासाठी आपला एक दात पुढे करायचा. असा दात अमिनियासीच्या घरी होता, लहान, पिवळा पडलेला. तो त्याने दिला. पण नकाराचे शब्द कुणाला येत होते? ते आयुष्यात एखादाच ऐकतो.

सगळ्यांच्या माना इनोसीकडे वळल्या.

बापाने ते शब्द त्याला एकदाच शिकवले होते, आणि म्हणाला होता, "येत असावेत. वापरू नयेत."

"येतात," इनोसी म्हणाला.

"ऐकलंत?" अमिनियासी ओरडला. "डोंगऱ्या, आयुष्यभर फुकटची बडबड केलीस. उद्या कामाची कर."

"खेकड्या, तू फक्त तोंड मिटून बस. तेवढं जमलं तरी संप जिंकलो."

त्या दोघांमधली ही शेवटची शिवीगाळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी रातू कंपनीच्या जीपमधून उतरले. शेडसमोर चटया अंथरल्या होत्या. एका बाजूला रातू आणि त्यांची चाळीस माणसं, दुसऱ्या बाजूला संपकरी, मध्ये हातभर मोकळी चटई. रातूंचा मानकरी किनिजोजी सत्तरीचा होता. इनोसीच्या बापाचा तो सोबती; लहानपणी त्याच्या मांडीवर इनोसी खेळलेला. म्हातारा गुडघ्यांनी पुढे सरकला आणि दोन्ही हातांत दात धरून बोलू लागला. एका डोंगराची लेकरं, म्हणाला. एका पाण्याची. लेकरांनी उन्हात बसलेलं रातूंना पाहवत नाही. पंख्याचं रातू स्वतः बघतील, नळांचंही बघतील. लेकरांनी घरी जावं, सकाळी कामावर जावं. एवढंच मागणं आहे आणि त्याच्यामागे हा दात आहे.

मोठा दात होता तो, पिढ्यान्‌पिढ्या हाताळून मधासारखा झालेला. त्याची काथ्याची दोरी म्हाताऱ्याच्या मनगटाभोवती गुंडाळली होती.

इनोसी पुढे सरकला. हात मांड्यांवर ठेवले. वाकला आणि नकाराचं पहिलं वाक्य बोलला: "हे वजन आमच्या हातांना पेलणार नाही."  दुसरं वाक्य त्याच्या ओठांवर आलं, आणि किनिजोजीचे हात थरथरले. दोरी मनगटावरून सुटली. दात निसटला.

इनोसीने तो घेतला नाही. त्याच्या हाताने घेतला.

चटईपासून वीतभर वर बोटं मिटली.  मग रातूंच्या बाजूने पहिली पोकळ टाळी पडली, मग दुसरी, मग चाळीस माणसांच्या टाळ्या, आणि त्यांच्यावर मान्यतेचा घोष. इनोसी ओरडत होता, "पडत होता तो! मी फक्त पडू दिला नाही!" पण दात हातात घट्ट धरून नाही म्हणणारा माणूस कुणी कधी पाहिला आहे? रातूंनी त्याच्याकडे मान किंचित झुकवली आणि ते उठले. जीप निघून गेली तेव्हा इनोसी तसाच होता. दात खाली ठेवायला जागा नव्हती. खाली चटई होती.

संध्याकाळपर्यंत तीनशे माणसं उठली. आनंदाने कुणी उठलं नाही. काही जण रडत होते. काही इनोसीच्या अंगावर थुंकून गेले. एका म्हाताऱ्या ड्रिलवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या बापाने हेच केलं असतं." थुंकी त्याने पुसली, हे वाक्य त्याला पुसता आलं नाही.

कंपनीने तीनशेंतल्या एकशे दहांना आत घेतलं. बाकीच्यांना जागा नाहीत म्हणून सांगितलं. पंखा आणखी दीड वर्ष तसाच राहिला. नळ आले ते साहेबांच्या बंगल्यांना आले. रातूंनी काय बघितलं ते रातूंनाच ठाऊक.

आत घ्यायच्या माणसांच्या यादीत पहिलं नाव इनोसीचं होतं. तो गेला नाही. आठवड्याने चाळीतली खोली सोडावी लागली. ओढ्यापलीकडे पत्रे ठोकून त्याने आणि वासितीने घर उभं केलं. तिने या बाबतीत त्याला एकदाच विचारलं. "सेरूचे बाबा, पडू दिला असता तर काय झालं असतं?"

"घराणं बुडालं असतं."

"आणि आता?"

 ती उठून कसावा सोलायला बसली.

दात हातात आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो उरलेल्या शंभरांत बसायला शेडमध्ये गेला तेव्हा सगळ्यांनी सरकून जागा केली, गरजेपेक्षा जरा जास्तच. तो अमिनियासीसमोर बसला आणि वाट पाहू लागला. त्याला वाटलं होतं की खेकडा आता अशा शिव्या देईल की डोंगरापर्यंत ऐकू जातील, त्याच्या सात पिढ्या काढील, आणि मग कुठेतरी काहीतरी जागेवर येईल. अमिनियासीने किटलीतून चहा ओतला.

"घ्या इनोसी, चहा घ्या," तो म्हणाला. "ऊन लागत नाही ना तुम्हाला? इकडे सरका हवं तर."

कप त्याच्यासमोर आला. इनोसीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात निघालाच होता. तो त्याने मांडीखाली दाबला. "खाली ठेवा," तो म्हणाला. "मग उचलतो."

तेव्हापासूनची ती सवय.

ज्याला प्रथा माहीत नव्हती असा एकटा बिसेसर त्याच्यावर उघड चिडला. "माझ्या आजाने कागदावर अंगठा उठवला आणि पाच वर्षं इथे ऊस तोडला," तो म्हणाला. "साहेबाला विचारलं तर म्हणे, अंगठा पुसता येत नाही. तू दात धरलास. फरक काय, सांग मला? आजाला निदान वाचता येत नव्हतं!"

"दात परत करता येतो," इनोसी म्हणाला.

"मग कर की! बसलायस काय?"

परत करता येतो हे खरं होतं. ज्याने दिला त्याला, त्याच्याच मानकऱ्याच्या हातून, योग्य शब्दांनी परत केला आणि त्याने घेतला, तर मागणं मागे जातं. तीनशे माणसं मोकळी होतात. त्यातली निम्म्याहून जास्त आता बाहेरच होती. ती शेडमध्ये परत येतील अशी इनोसीला खात्री होती. त्याने दात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कमरेला नेसायच्या जुन्या सुलूत गुंडाळून ठेवला आणि डोंगराची वाट धरली.

पहिल्या खेपेला किनिजोजी अंगणात ऊन खात बसला होता.

"रातू आराम करताहेत," तो म्हणाला.

"मी थांबतो."

"मोठा आराम आहे."

इनोसी तीन दिवस थांबला. चौथ्या दिवशी कळलं की रातू राजधानीला, सुव्याला गेलेत. दुसऱ्या वर्षी पुन्हा आराम. तिसऱ्या खेपेला रातू घरात होते. त्यांचा खोकला बाहेर ऐकू येत होता.

"आजोबा," इनोसी म्हणाला, "एवढंच सांगा. त्या दिवशी तुमचे हात खरंच थरथरले?"

किनिजोजीने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "माझ्या वयात कुणाचे थरथरत नाहीत?"

"आत्ता थरथरत नाहीयेत."

"आत्ता हातात काही नाहीये," म्हातारा म्हणाला. "तुझा बाप माझ्यापेक्षा चांगला मानकरी होता. तुला फार चांगलं शिकवलं त्याने. इतकं शिकवायला नको होतं." मग त्याने इनोसीला जेवायला वाढलं. ताट खाली ठेवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी खालीच ठेवलं.

सहाव्या वर्षी रातू वारले. शेडमध्ये तेव्हा बावीस माणसं उरली होती. अंत्यविधीला दात न्यायचा हे ठरलेलंच असतं. प्रत्येक घराणं नेतं. इनोसीने डबा उघडला तेव्हा वासिती म्हणाली, "तिथे नका नेऊ हा. दुसरा मागून आणते मी कुणाकडून."

"सगळी वडील मंडळी तिथे असणार. सगळ्यांसमोर परत करतो. आता आराम करायला रातू नाहीत."

"आहेत की," वासिती म्हणाली. "आता तर उठायचेच नाहीत."

तिचं ऐकलं असतं तर? पण हा प्रश्न आता विचारून काय उपयोग. इनोसी डोंगर चढून गेला. मोठ्या घरात शवपेटीभोवती चटयांचे थर होते, आणि दारातून एकामागून एक घराणी दात घेऊन गुडघ्यांनी आत सरकत होती. इनोसीची पाळी आली. त्याने दात पुढे केला आणि परतीचे शब्द सुरू केले. "हा दात शोकाचा नाही. हा ज्या दिवशी आला..."

पण किनिजोजीच्या जागी आता त्याचा मुलगा बसला होता. सकाळपासून त्याने साठ दात घेतले होते. बाहेर बायकांचा आक्रोश चालला होता. समोर दात आला, त्याने घेतला, हुंगला आणि शोकाचे आभार मानणारे शब्द म्हणायला सुरुवात केली. टाळ्या पडल्या. इनोसी बोलतच होता. मागच्या घराण्याचा माणूस त्याच्या कुशीला हळूच कोपर लावून म्हणाला, "सरका पुढे, दादा." दात शवपेटीपाशी रचलेल्या साठ दातांत जाऊन पडला. रातूंच्या घरात अशीच नोंद राहिली की इनोसीच्या घराण्याने मोठा, जुना, उत्तम दात शोकाला आणला; मानकऱ्याचं घराणं शेवटी मानकऱ्याचंच.

तो रिकामा डबा घेऊन परत आला. वासितीने डबा हलवून पाहिला आणि त्यात साखर भरली.

पुढचं लवकर सांगून होण्यासारखं आहे. कंपनी विकली गेली. नवे मालक म्हणाले, संप जुन्यांशी होता. तेही विकून गेले. बावीसचे चौदा झाले, चौदाचे सहा. बिसेसर संपानंतर टाकलेलं दुकान विकून ऑकलंडला मुलीकडे गेला. जाताना मिठाची अख्खी गोणी शेडमध्ये आणून खाली ठेवली आणि म्हणाला, "पाठव म्हणालास तर तिकडून घोंगड्याही पाठवतो." हसला, आणि मग रस्त्यातच डोळे पुसत उभा राहिला.

अमिनियासीची फुप्फुसं बाराव्या पातळीवरच्या धुळीने भरली होती. शेवटच्या आठवड्यात इनोसी इस्पितळात गेला. खाटेजवळ उभा राहून, आजूबाजूचे रोगी दचकतील एवढ्या मोठ्याने म्हणाला, "काय रे खेकड्या! बिळात पडून राहिलास होय? की पुन्हा आडवं चालायला शिकतोयस?"

अमिनियासीने डोळे उघडले.  ओठ हलले, आणि इनोसी पुढे वाकला.

"तुम्ही आलात," अमिनियासी म्हणाला. "बरं वाटलं. बसा ना."

इनोसी बसला. दोन दिवसांनी अमिनियासीच्या पेटीला खांदा द्यायला चौघे कमी पडले म्हणून पाचवा इनोसी लागला.

त्यानंतर उरलेलेही पांगले आणि शेडमध्ये तो एकटाच राहिला. पत्र्याला भोकं पडली, ती वासितीने डांबराने बुजवली. खाणीत जाणारे नवे लोक त्याला हात करीत, तो मान हलवी. त्यांच्या पाळीची हवा कशी आहे ते तो विचारी. "गदमदतंय," ते सांगत आणि घाईने आत जात. त्यांना युनियन नव्हती.

मग एके दुपारी कामगार खात्याची अधिकारी आली. लोसालिनी तिचं नाव. पस्तिशीची, चांगल्या घरची, पायातले बूट काढून चटईवर बसणारी. तिच्या हातात एक कागद होता. कचेरीतली जुनी प्रकरणं बंद करायची होती. या खाणीतला वाद एवढ्याचसाठी उघडा होता की एक वादी अजून जिवंत होता आणि त्याने वाद मिटल्याचं लिहून दिलं नव्हतं.

"फक्त सही, काका," तिने कागद पुढे केला. "वाद अस्तित्वात नाही, एवढंच लिहिलंय."

"खाली ठेवा," इनोसी म्हणाला.

तिला गावात कुणीतरी बजावलेलं असणार. तिने कागद चटईवर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि वाट पाहिली. इनोसीने तो उचलला नाही. वारा आला, कागदाचं टोक फडफडलं, पेन घरंगळून चटईबाहेर धुळीत गेलं. इनोसीचे दोन्ही हात मांड्यांवर होते आणि ते हलले नाहीत. वासिती शेडच्या खांबाला टेकून जेवणाचा डबा उघडता उघडता थांबली होती.

लोसालिनीने पेन उचललं, पुसलं. ती वाईट बाई नव्हती. म्हणूनच ती जे बोलली ते हळू आवाजात बोलली. "काका, राग मानू नका. गावात विचारलं मी. सगळे सांगतात की संप तुमच्याच हाताने मोडला. मग तीस वर्षं इथे बसून तुम्ही काय करताय?"

"मोडला मीच," इनोसी म्हणाला. "मग दुसऱ्या कुणी बसायचं?"